तो गेला, त्याआधीची २६ वर्षं

"त्याची आठवण काढावी की काढू नये?"

तरुण मुलगा, भाऊ किंवा नवरा गमावलेल्या घरातली माणसं हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात विचारतातच. आठवण काढली तर घरभर रडारड होते. नाही काढली, तर आपण त्याला विसरत चाललोय ही बोचणी लागते. त्यात लोक सांगत असतात, "आता मन घट्ट करा, त्याच्यात अडकून राहू नका." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण जिने त्याला लहानाचा मोठा केला, तिने नेमकं काय सोडून द्यायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

एका कुटुंबाबद्दल लिहितेय, त्यांच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा २६ वर्षांचा, रस्त्यावरच्या अपघातात गेला. आई समुपदेशनासाठी माझ्याकडे आली तेव्हा आठ महिने झाले होते. सोबत धाकटी मुलगी होती. वडील आले नव्हते. "त्यांना असलं काही बोलायला आवडत नाही," एवढंच कारण मिळालं.

पहिल्या भेटीत आईने जे सांगितलं ते जवळजवळ सगळं एकाच दिवसाबद्दल होतं. तो किती वाजता निघाला, फोन कुणाचा आला, हॉस्पिटलमध्ये आधी कोण पोचलं, डॉक्टर काय म्हणाले. 'दारात दोन मिनिटं जास्त बोलले असते तर' इथे आलं की सांगणं पुन्हा सकाळकडे वळायचं. अचानक मृत्यू झालेल्या घरांत हे नेहमी दिसतं. जे घडलं ते मनाला अजून पटलेलं नसतं, म्हणून त्या दिवसाची उजळणी चालू राहते. अशा वेळी मध्येच अडवू नये. पण तासाभरानंतरही तो मुलगा कसा होता हे मला काहीच कळलं नव्हतं. बोलका की घुमा, कशावर चिडायचा, पैसे कशावर उडवायचा, काहीच नाही. मरणाचा मिनिटामिनिटाचा हिशोब माझ्यापुढे होता आणि जगण्याबद्दल एकच वाक्य: "फार गुणी होता हो माझा मुलगा."

हे ऐकताना मुलीने मान दुसरीकडे वळवली.

बोलता बोलता आई म्हणाली, "कधी कधी वाटतं, आपणही त्याच्याकडेच जावं." असं कानावर आलं की मी सरळ विचारते: जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलंय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, बोलायला वाट मिळते. त्यांच्या बाबतीत ती भेटीची ओढ होती, बेत नव्हता. तसा बेत असता तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा लागला असता.

'सोडून द्या' हा सल्ला आमच्या क्षेत्रातही बराच काळ मुरलेला होता. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने १९१७ मध्ये शोकाबद्दल लिहिलं, त्याचा रोख असा होता की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घ्यायचं असतं. पुढे १९२० मध्ये त्याची तरुण मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली. १९२९ मध्ये, स्वतःचा मुलगा गमावलेल्या बिन्सवांगर या सहकाऱ्याला पत्र लिहिताना फ्रॉइडचा सूर वेगळाच होता. ती जागा कशानेही पूर्ण भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. सिद्धान्त मांडणारा तो आणि पत्र लिहिणारा बाप, यांत मला बापाचं म्हणणं जास्त खरं वाटतं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी तर स्पष्टच मांडलं की गेलेल्या माणसाशी असलेलं नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि यात आजार असा काही नाही. यातले क्लास अपत्य गमावलेल्या पालकांसोबत बरीच वर्षं काम करत होते.

म्हणून मी आईला 'विसरा' म्हटलं नाही. दुसऱ्या भेटीत विचारलं, "त्याची न आवडणारी एखादी सवय सांगा ना."

त्यांना राग आला. मुलगी मात्र फसकन हसली. "दादा? एक आहे का सांगायला! माझ्याकडून पैसे घ्यायचा आणि परत द्यायचा नाही. एक वर्ष नापास झाला तर चार महिने घरात सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," आई म्हणाली.

"मग कुणाबद्दल बोलू? तू ज्याच्याबद्दल बोलतेस तो मुलगा मला माहीतच नाही!"

मला वाटतं, या घराचं खरं दुखणं हे होतं. मुलगा गेल्यावर आईने त्याला निर्दोष करून टाकलं होतं. त्यामुळे बहिणीचा भांडखोर, थापाड्या, पण रात्री-बेरात्री तिला घ्यायला येणारा दादा दुसऱ्यांदा हरवला. शिवाय त्या निर्दोष भावाशी तिची तुलना व्हायला लागली होती. 'तो असता तर असं उलट बोलला नसता.' तो नेमका तसंच बोलायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भावंडांच्या दुःखाकडे फारसं कुणी पाहत नाही. येणारे-जाणारे त्यांनाही हेच बजावतात की 'आता आईबाबांना तूच सांभाळ', आणि मग त्यांनी रडायचं कधी?

वडील पुढे एकदा आले, तेही बायकोला न्यायला म्हणून. विम्याची कागदपत्रं, बँकेची खाती, पोलिसांकडचे जबाब हे सगळं त्यांनी एकट्याने उरकलं होतं. आईला वाटायचं, या माणसाला काही वाटतच नाही. स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण अशा जोडप्यांना मी आवर्जून सांगते. शोकातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. एका टोकाला गेलेल्या माणसाचं दुःख असतं आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या जाण्याने उभी राहिलेली कामं नि बदललेलं आयुष्य. ही ये-जाच निरोगी. एकाच घरातली दोन माणसं एकाच वेळी एकाच टोकाला असतील असं मात्र नाही. हे बोलणं चालू असतानाच कळलं की मुलाच्या फोन नंबरचं रिचार्ज वडील न चुकता करत होते. नंबर बंद पडला तर तो दुसऱ्या कुणाला मिळेल, हे त्यांना नको होतं. आईला याचा पत्ता नव्हता.

फोनवरून आठवलं म्हणून सांगते: आवाजातले निरोप, व्हिडिओ, फोटो यांच्या प्रती लवकरात लवकर किमान दोन ठिकाणी काढून ठेवा. ऐकवत नसतील तर ऐकू नका, पण जपून ठेवा. फोन बिघडतात, पासवर्ड हरवतात, आणि मग आवाज गेला म्हणून माणसं नव्याने कोसळतात.

मग आम्ही त्याच्या मित्रांकडे वळलो. 'त्याच्याबद्दल काहीतरी लिहा' म्हटलं की 'हसतमुख, सर्वांच्या मदतीला धावणारा' असं काहीतरी येतं आणि त्यात माणूस दिसत नाही. म्हणून प्रश्न नेमके ठेवले. त्याच्याशी शेवटचं भांडण कशावरून झालं? त्याने तुम्हाला कधी तोंडघशी पाडलं? तो कशाला घाबरायचा? उत्तरं आली, आणि त्यांत आईला ठाऊक नसलेला बराच मुलगा होता. तो नोकरी सोडण्याच्या विचारात होता. त्याचं एका मुलीवर प्रेम होतं. तिची परवानगी घेऊनच मित्राने हे सांगितलं.

आई भयंकर चिडली. "मला का नाही सांगितलं?" त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्यावर रागावली, आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं. निर्दोष मूर्तीवर कुणी रागावत नाही. त्या मुलीचा विचारही करायला हवा होता. तिला ना सुट्टी मिळाली, ना कुणी सांत्वनाला आलं. समाजाच्या हिशोबात न धरलेल्या अशा दुःखाबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्येच लिहून ठेवलंय. आई तिला भेटायला तयार व्हायला बराच वेळ लागला. भेटल्या तेव्हा आधी अवघडलेपण, मग तक्रारी. दोघींनाही तो फोन न उचलून छळायचा.

अनोळखी लोकांनी "मुलं किती?" विचारलं तर काय सांगायचं, हेही आईने विचारलं होतं. मी म्हटलं, समोरचा माणूस आणि तुमचा त्या दिवशीचा जीव बघून ठरवा. 'एक मुलगी आहे' म्हटलंत म्हणून मुलाशी प्रतारणा होत नाही, आणि 'दोन, त्यातला थोरला गेला' म्हणून समोरचा गडबडला तर सावरायची जबाबदारी त्याची.

ज्यांना वाटतं की आपलं दुःख फार लांबलंय, त्यांच्यासाठी: नुसतं रडू येणं हा आजार नव्हे. पण जवळजवळ रोज तीव्र ओढ किंवा त्याचाच ध्यास, आणि त्यापायी काम, झोप, नाती यांची घडी विस्कटलेली असेल, तर तज्ज्ञाला दाखवावं. अशा दुःखाला आजार म्हणायला जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत किमान सहा महिने धरलेत, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत मोठ्या माणसांसाठी बारा. त्रास असह्य असेल तर महिने मोजत बसू नये. यावर उपचार आहेत, आणि त्यांत आठवणी पुसत नाहीत.

हे कुटुंब अजून अधूनमधून येतं. सध्या वाद खोलीचा आहे. मुलीला दादाचं टेबल अभ्यासाला हवंय, आई त्यावरची एक वायरही हलवू देत नाही. वडिलांचं म्हणणं की टेबल द्यावं, पण खण तसाच राहू द्यावा. गेल्या वेळी तिघं यावरून माझ्यासमोर चांगलेच भांडले. "दादाने ते आधी मलाच विकलं असतं, तेही दुप्पट पैशांना," असं मुलगी म्हणाली, आणि आईने ते नाकारलं नाही. टेबलाचं अजून ठरलेलं नाही.