मुक्त समाजात निव्वळ नैतिकतेच्या कारणावरून एखाद्या गोष्टीवर बंदी घालणं योग्य आहे का?

माझ्या मते नाही. 'मला हे बघवत नाही' हे बंदीला पुरेसं कारण होत नाही. नुकसान कुणाचं होतं, ते दाखवावं लागतं.

आपल्याकडचीच डान्सबार बंदी घ्या. २००५ साली सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधला नाच बंद केला. कारण काय, तर तरुण पिढी बिघडते, संसार उद्ध्वस्त होतात. पण त्याच कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट! म्हणजे साध्या बारमध्ये नाच अश्लील आणि महागड्या हॉटेलात तोच नाच संस्कृती? इथेच गाडी अडली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. मधल्या काळात पोट गेलं ते नाचणाऱ्या बायकांचं. नोटा उधळणारे मजेत होते.

याउलट गावात 'आडवी बाटली' होते ना, ते मला पटतं. दारूचं दुकान नको म्हणून गावातल्या बायका मतदानाला रांग लावतात आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारतात. त्यांना नीतिशास्त्र शिकवायचं नसतं. नवऱ्याने मजुरी गुत्त्यात घालवली की रात्री मार कुणाला बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तिथेही चोरटी दारू येतेच म्हणा, पण निदान निर्णय भोगणाऱ्यांनी घेतलेला असतो.