कॅनडातल्या मेटिस लोकांना, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाला, कायद्याने कबूल केलेली जमीन गेली कुठे?

लुई रिएलच्या नेतृत्वाखाली रेड नदीकाठचे मेटिस लढले, म्हणून १८७० च्या मॅनिटोबा कायद्यात त्यांच्या मुलांसाठी १४ लाख एकर राखून ठेवले गेले. वाटप मात्र दहा वर्षांहून जास्त रखडलं. पुढे पश्चिमेकडे तर जमिनीऐवजी ‘स्क्रिप’ नावाचा, बदल्यात जमीन किंवा पैसे मिळण्याचा हक्क देणारा कागद हातात ठेवला: १६० किंवा २४० एकरांचा, नाहीतर तेवढ्याच डॉलरचा. दलाल टपलेलेच होते. बहुतेक कागद त्यांनी कवडीमोलाने लाटले. माझ्या मते ही सरळसरळ लूट होती. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅनिटोबाच्या वाटपात सरकार कर्तव्याला चुकल्याचं जाहीर केलं, जमीन काही परत मिळाली नाही. अल्बर्टात चित्र जरा बरं आहे. तिथल्या आठ मेटिस वसाहतींना १९९० च्या कायद्यांमुळे जमिनीची सामूहिक मालकी मिळाली आणि स्थानिक कारभार त्यांच्याच निवडून आलेल्या परिषदा पाहतात.