घरी बनवलेल्या टेस्ला कॉइलचे वेव्हफॉर्म ऑसिलोस्कोपवर कसे पाहायचे?

तुम्ही २३० व्होल्टवर चालणारी हाफ-ब्रिज कॉइल (दोन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आळीपाळीने चालू-बंद होऊन जिला वीज देतात ती) बनवली आहे आणि विचारताय की सेकंडरीच्या (जास्त वेढ्यांच्या, उच्च व्होल्टेजच्या गुंडाळीच्या) वरच्या टोकाला १०एक्स प्रोब (सिग्नल दहापट कमी करून स्कोपला देणारा) लावला तर चालेल का, आणि करंट कसा पाहायचा.

वरच्या टोकाला प्रोब अजिबात लावू नका. साधा १०एक्स प्रोब ३०० ते ६०० व्होल्टपर्यंतचा असतो, तोही कमी फ्रिक्वेन्सीला. फ्रिक्वेन्सी वाढली की ही मर्यादा आणखी खाली येते. तिथे तर हजारोंनी व्होल्ट खेळत असतात. आणि समजा प्रोब वाचला, तरी जे दिसेल ते तुमच्या कॉइलचं नसेल. माझी सेकंडरी ७५ मिमीच्या पीव्हीसी पाइपवर हजार वेढ्यांची आहे: इंडक्टन्स साधारण १७.५ मिलिहेन्री, टॉपलोड (वरच्या टोकावरचा धातूचा भाग) धरून कपॅसिटन्स जेमतेम १५ पिकोफॅरड, म्हणजे रेझोनन्स (कॉइलची स्वतःची फ्रिक्वेन्सी) ३१० किलोहर्ट्झच्या आसपास. प्रोबचा स्वतःचा कपॅसिटन्सही जवळपास तेवढाच. तो जोडला की ३१० चे २२० झालेच म्हणून समजा.

मी प्रोबच्या टोकाला वीतभर वायर अडकवून तो कॉइलपासून मीटर-दीड मीटर लांब नुसता ठेवून देतो. कशालाच जोडत नाही. टाइमबेस (पडद्यावरच्या एका आडव्या घराचा वेळ) १ मायक्रोसेकंदावर ठेवला की एक सायकल तीन घरांहून जरा जास्त जागा घेते. व्होल्टेजचा आकडा यातून मिळत नाही, पण फ्रिक्वेन्सी स्वच्छ कळते. वीज बंद करून टॉपलोडवर स्टीलची वाटी पालथी ठेवा आणि पुन्हा चालू करा: सायकल रुंदावलेली दिसेल. (डीएसओ-१३८ सारखा खेळण्यातला स्कोप असेल तर नाद सोडा, त्याची बँडविड्थच (जिथपर्यंत तो नीट दाखवतो ती फ्रिक्वेन्सी) २०० किलोहर्ट्झ आहे.)

ब्रिजवर मोजताना खरी गोची होते. स्कोपची ग्राउंड क्लिप आतून थेट घरच्या अर्थिंगला जोडलेली असते. मी पहिल्याच दिवशी ती दोन मॉसफेटच्या मधल्या बिंदूला लावली. रेक्टिफाय झालेले ३२५ व्होल्ट क्लिपमधून अर्थला गेले, ठप्प आवाज झाला, एक मॉसफेट फुटला आणि घर अंधारात. त्यावर कुणीतरी ‘स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक’ असा सल्ला दिला. तो मुळीच ऐकू नका, मग स्कोपचं धातूचं अंग आणि नॉबच लाइव्ह होतात. डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्या, नाहीतर ब्रिजला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून (मेन्सशी थेट जोड तोडणाऱ्या) वीज द्या.

करंटसाठी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) घरीच होतो. फेराइट रिंगवर १०० वेढे, त्यांच्या दोन टोकांमध्ये ५० ओहमचा रेझिस्टर, आणि रिंगच्या भोकातून सेकंडरीची खालची अर्थ वायर. १ अँपिअरला ०.५ व्होल्ट मिळतो. प्रायमरीची (ब्रिजला जोडलेल्या गुंडाळीची) वायर घातली तर प्रायमरीचा करंट दिसेल. रेझिस्टर विसरून चालू करू नका, टोकांना भलतंच व्होल्टेज चढतं.

पडद्यावर काही दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावा आणि जिथे मोजत होता तिथेच धरा. आता सरळ रेष यायला हवी. माझ्याकडे आधी सुंदर साइन वेव्ह यायची. क्लिपच्या वायरचा फेराच अँटेना झाला होता. क्लिप काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग लावली आणि ती बरीचशी गेली.

एवढं जमलं की एका चॅनेलवर ब्रिजचं आउटपुट, दुसऱ्यावर सेकंडरीचा करंट घ्या. करंट शून्यावर येतो त्याच क्षणी ब्रिज पलटायला हवा. ३१० किलोहर्ट्झला गेट ड्रायव्हरमधला (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या सर्किटमधला) २०० नॅनोसेकंदांचा उशीर म्हणजे २२ अंश झाले. तुमचे मॉसफेट विनाकारण तापत असतील, तर आधी हे अंतर मोजा.