जाळी गोठवताना नायट्रोजन का चालत नाही?

प्रश्न : क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी (गोठवलेल्या नमुन्याची चित्रं घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी) प्रथिनाचा नमुना धातूच्या छोट्या जाळीवर घेऊन द्रव इथेनमध्ये बुडवतात. द्रव नायट्रोजन तर त्याहून थंड, मग तो का नको? आणि आमच्या जाळ्या वारंवार वाया का जातात?

उत्तर : द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो खरा, पण तिथे तो उकळायच्या बेतातच असतो. जाळी आत गेली की तिच्याभोवती वायूचं वेष्टण तयार होतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब तरंगतो, तोच प्रकार. उष्णता सावकाश निघते, तेवढ्यात पाण्याचे स्फटिक होतात आणि चित्र बिघडतं. इथेन उणे १८३ ला गोठतं आणि उणे ८९ ला उकळतं. मधल्या नव्वदेक अंशांत ते द्रवच राहतं, म्हणून पाणी क्षणात काचेसारखं थिजतं. याच युक्तीसाठी झाक दुबोशे यांना २०१७च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

नायट्रोजनने थंड केलेल्या वाटीच्या कडेला इथेन नुकतं गोठू लागलं की बुडवायची वेळ झाली. ३ मिलिमीटरची जाळी आधी ग्लो-डिस्चार्ज करा (विद्युतभारित वायूने तिचा पृष्ठभाग पाणी धरणारा करा), नाहीतर तिच्यावरच्या छिद्रं असलेल्या कार्बनच्या पापुद्र्यावर पाणी पसरत नाही. ३ मायक्रोलिटर नमुना, प्रथिन मिलिलिटरला साधारण १ मिलिग्रॅम, आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ, जादा पाणी शोषायला टिपकागद ३-४ सेकंद. नंतर जाळी उणे १४० च्या वर येता कामा नये. चिमटा ओलसर असेल तर हवेतल्या बाष्पाचं हिम जाळीवर बसतं. निम्म्या तक्रारींचं मूळ बहुधा हेच. (इथेन पेट घेतं, ज्योत लांब ठेवा.)

बर्फ जाड झाला तर कण, म्हणजे प्रथिनाचे रेणू, धूसर दिसतात. फार पातळ झाला तर ते छिद्राच्या कडेला ढकलले जातात. पण खरा छुपा शत्रू म्हणजे पाण्याचा हवेला लागून असलेला पृष्ठभाग. टिपणं आणि बुडवणं यांमधल्या क्षणांत कण त्यावर आपटून उलगडतात, किंवा सगळे एकाच कुशीवर चिकटतात. मग एकच बाजू दिसते आणि चित्रांतून बांधलेला रेणूचा त्रिमितीय नकाशा एका दिशेने ताणला जातो. इन्फ्लुएंझा विषाणूचं हेमॅग्लुटिनिन हे प्रथिन यासाठी बदनाम आहे. बुडवण्याच्या अगदी आधी किंचित डिटर्जंट मिसळून पाहा, किंवा जाळी ४० अंश कलती ठेवून चित्रं घ्या.

प्रश्न : कोव्हिड लसींच्या संदर्भात ‘दोन प्रोलिन’ म्हणजे काय?

उत्तर : विषाणूचं स्पाइक प्रथिन म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग. एकटं बनवलं तर ते सहज उलटून पेशीत शिरल्यानंतरचं रूप घेतं आणि प्रतिपिंडं नको त्या आकाराविरुद्ध तयार होण्याचा धोका राहतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातल्या ९८६ आणि ९८७ या जागांवरची लायसिन व व्हॅलिन ही अमिनो आम्लं काढून तिथे प्रोलिन हे अमिनो आम्ल बसवलं की साखळीला तिथे लांब सरळ मळसूत्र करता येत नाही, आणि स्प्रिंग दबलेलीच राहते. ही युक्ती मर्स या दुसऱ्या कोरोना विषाणूच्या स्पाइकवर आधीच, २०१७ साली प्रसिद्ध झाली होती. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकक्रम हाती आल्यावर फेब्रुवारीतच त्याच्या स्पाइकची ३.५ अँगस्ट्रॉम (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) इतक्या बारकाव्याची रचना छापून आली. मॉडर्ना आणि फायझरच्या लसींत हे बदल आहेत. पुण्यात बनलेल्या लसींपैकी कोव्होव्हॅक्समध्ये ते आहेत, कोव्हिशिल्डमध्ये नाहीत.