वाचकांचे प्रश्न: पडदे लावून झाले, आता रविवारचं काय?

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेल चाळले तर निम्म्याहून जास्त एकाच जातीचे निघाले. नवीन फ्लॅट घेतला, पझेशन मिळालं, पडदेबिडदे लावून झाले, आणि आता रविवारी सकाळी घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत. पत्ते बघा तर सगळे पुण्याच्या कडेचे, पुनावळे, वाघोली, म्हाळुंगे, धायरी. मी बारा वर्षांपूर्वी बाणेरला राहायला आले तेव्हा माझंही अगदी हेच झालेलं, पहिले सहा महिने आम्ही दर शनिवारी त्याच एका मॉलमध्ये त्याच सरकत्या जिन्यावरून वरखाली करत होतो, त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवून यांनाच उत्तरं देतेय. दोघांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, मग सगळ्यांचीच काढून टाकली.

आम्ही मूळचे जालन्याचे, तीन वर्षं झाली वाकडला राहतोय. दरवर्षी हनुमान जयंतीला हिंजवडीकडचा रस्ता बंद होतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर नुसती बोंबाबोंब. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात, म्हातोबाचं बगाड असतं, बघायला या की. बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का? सोबत सहा वर्षांची मुलगी आहे.

चालतं काय विचारता, मावशींनी बोलावलंय ना, मग जाच. देवाला कोण बाहेरचं?

आता ते काय असतं ते सांगते. हिंजवडी आणि वाकड या दोन्ही गावांचा देव म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीलाच, हिंजवडीतून बगाड निघतं आणि वाकडच्या म्हातोबाच्या देवळापर्यंत येतं. बगाड म्हणजे भलामोठा लाकडी गाडा, त्यावर उभा खांब आणि वर आडवं लाकूड, आणि त्या वर चढण्याचा मान ज्याला असतो त्याला म्हणायचं गळकरी. बगाड म्हटलं की बहुतेकांना वाईजवळचं बावधन आठवतं (पुण्यातलं बावधन नव्हे हो, तिथे बगाड शोधायला गेलात तर हायवे सापडेल), पण आपल्या दाराशी पण आहे आणि ते आयटीवाल्यांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून जातं हे कित्येकांच्या गावीच नसतं. आणि गावाचं नाव हिंजवडी बरं का, पाट्यांवर हिंजेवाडी लिहितात ते सोडून द्या.

मी गेले होते तेव्हाचं एक चित्र अजून डोळ्यासमोर आहे. फुटपाथवर माझ्या पुढे एक पोरगा, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातानं मोबाईल उंच धरून शूटिंग चाललेलं. बगाड जवळ आलं तशी शेजारच्या नऊवारीतल्या आजींनी त्याचा मोबाईलवाला हात सरळ धरून खाली ओढला आणि म्हणाल्या, आधी हात जोड, मग काय ते कर. त्यानं मुकाट्यानं हेल्मेट दोन पायांत धरलं आणि हात जोडले. मागून हलगी, पुढे धुळीचा लोट, आणि सगळीकडून म्हातोबाच्या नावानं चांगभलं. नंतर आजींनीच त्याला रेवड्या दिल्या, तो कुठला तर म्हणे रायपूरचा.

मुलीला न्यायचं तर गाडी घरीच ठेवा आणि चालत जा, टोपी आणि पाणी घ्या कारण चैत्रातलं ऊन असतं, आणि अगदी बगाडाच्या पुढ्यात न जाता एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर जागा धरा. गर्दी फार असते, मुलीचा हात सोडू नका. आणि सोसायटीच्या ग्रुपवर तारीख आधीच टाकून ठेवा, पौर्णिमा काय अचानक उगवत नाही, कॅलेंडरात असते, तरी दरवर्षी लोकांना धक्का बसतो.

आणि हे फक्त वाकडचं नाही. ही सगळी जी नवी उपनगरं आहेत ना ती काल-परवापर्यंत गावं होती. वाकड, पुनावळे, रावेत १९९७ साली पिंपरी-चिंचवड पालिकेत आली, बाणेर-बालेवाडी त्याच सुमाराला पुण्यात, आणि म्हाळुंगे, सूस, वाघोली तर २०२१ मध्ये. पालिका आली, टॉवर आले, जमिनी गुंठ्यानं गेल्या, पण ग्रामदैवत जागच्या जागी आहे आणि त्याचा उत्सव पण. भैरवनाथाच्या उत्सवाचा फ्लेक्स चौकात दिसला की नुसते त्यावरचे दादा-भाऊंचे फोटो मोजत बसू नका, खाली बारीक अक्षरात कुस्त्या किती वाजता ते लिहिलेलं असतं ते वाचा. आखाड्याला तिकीट नसतं. लाल मातीवरची निकाली कुस्ती दहा फुटांवरून बघितली की टीव्हीवरचं सगळं फिकं वाटायला लागतं.

वडील ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर लातूरजवळच्या गावाहून आमच्याकडे वाघोलीला आणलं. आम्ही दोघं नोकरीला. ते दिवसभर बाल्कनीत बसून खाली जाणारे डंपर मोजतात, संध्याकाळी आकडा सांगतात. सोसायटीत ज्येष्ठांचा क्लब आहे पण त्यांना तिथे जायचं नाही.

आकडा सांगतात हे वाचून हसू पण आलं आणि पोटात पण तुटलं.

क्लबचा आग्रह आधी सोडा. गावाकडच्या माणसाला ठरवून, खुर्च्या मांडून, वाढदिवसाचा केक कापून गप्पा मारता येत नाहीत, त्याला गप्पा कामाच्या ओघात लागतात. माझे सासरे पण असेच, आम्ही त्यांना भाजी आणायचं काम दिलं आणि महिन्याभरात भाजीवाल्याच्या गावातल्या पावसापाण्याची बित्तंबातमी घरात यायला लागली. तर आधी दूध, भाजी, गिरणी यातलं एखादं काम त्यांच्याकडे द्या. भाजी महाग आणली म्हणून बोलू नका.

दुसरं म्हणजे वाघेश्वर. नगर रोडला लागूनच आहे, जुनं दगडी देऊळ, शेजारी तळं. तिथेच पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे, शाहू महाराजांच्या आणि बाजीरावाच्या काळातले सरदार, वाघोली त्यांचीच. वडिलांना एकदा तुम्ही घेऊन जा, नंतर ते आपोआप जातील, फक्त नगर रोड ओलांडायची जागा नीट दाखवून द्या, तो रस्ता काही वयाकडे बघून थांबत नाही. देवळाच्या आवारात त्यांच्या वयाची माणसं भेटतील आणि त्यातली निम्मी मराठवाड्यातली निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

मग जरा लांबचं. वाघोलीहून पीएमपीच्या बसनं रामवाडीपर्यंत जायचं आणि तिथून मेट्रो. रामवाडी ते वनाझ सरळ लाईन आहे, कुठे बदलायचं नाही. छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरलं की १९६८ पासून उभं असलेलं बालगंधर्व चालत जाण्याइतकं जवळ, दुपारच्या नाटकाला वयस्कर मंडळीच जास्त असतात. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली तर मंडईत उतरता येतं. सकाळी अकरानंतर निघायचं आणि नाटक नसलं तर चारच्या आत परत, नाहीतर नगर रोडवर बसमध्ये उभं राहून जीव जाईल. माझे सासरे पहिल्यांदा एकटे गेले तेव्हा वनाझला उतरले, चहा प्याले आणि परत आले. काय बघितलं विचारलं तर म्हणाले, नदी वरून बघितली.

एखाद्या रविवारी तुम्हीच त्यांना तुळापूरला न्या, वाघोलीहून लोणीकंद-फुलगावच्या बाजूनं. भीमा, भामा आणि इंद्रायणीचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे आणि संभाजी महाराजांची समाधी आहे. तिथला इतिहास तुम्ही सांगायला जाऊ नका. ते तुम्हाला सांगतील, तुम्ही ऐका.

मुलगा तेरा वर्षांचा, पुनावळ्यात राहतो. सोसायटीत क्रिकेटला बंदी कारण गाड्यांच्या काचा. टर्फवर खेळायचं म्हणतो पण दर आठवड्याला पैसे कुठून आणायचे?

टर्फ वाईट नाही, पण ते आहे घड्याळावरचं खेळणं. माझा भाचा खेळतो, रात्रीच्या तासाला हजाराच्या पुढे जातात, बारा पोरांत वाटले तर ठीक, पण दोघं ऐनवेळी गळाले की भांडणं. महिन्यातून एकदा बक्षीस म्हणून ठेवा.

रोजच्यासाठी सोसायटीच्या वार्षिक सभेत लेखी विषय द्या की संध्याकाळी पाच ते सात अमुक बाजूच्या गाड्या हलवायच्या आणि खेळ टेनिस बॉलनंच. मुलांनाच बोलायला उभं करा, चेअरमनला पोरांसमोर नाही म्हणणं जड जातं. आमच्याकडे हे तीन सभांनंतर झालं, त्यात एक काच फुटलीच, पोरांनी वर्गणी काढून भरली.

एखाद्या खेळाची खरंच गोडी असेल तर बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल तुमच्यापासून फार लांब नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, २००८ ला तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. हायवेवरून जाताना हजार वेळा दिसतं आणि आत कधी गेलेलो नसतो अशातली गत. एकदा गेटवर जाऊन कुठल्या खेळाचं कोचिंग चालू आहे ते समक्ष विचारा.

आणि रविवारी सकाळी सहाला उठवून घोरावडेश्वर. देहूरोडच्या पुढे, सोमाटण्याच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागूनच डोंगर आहे, पायऱ्या आहेत, वर बौद्ध लेणी आणि त्यातच महादेव. चढून वर गेल्यावर तो बोलायला लागेल. या वयातली पोरं समोरासमोर बसवून बोलत नाहीत, धापा टाकताना बोलतात.

म्हाळुंग्याला फ्लॅट बुक करतोय. ब्रोशरमध्ये बिल्डिंगसमोर मोठी हिरवी बाग दाखवलीय. सेल्सवाला म्हणतो पालिकेची होणार आहे. खरं असेल का?

ब्रोशरमधल्या झाडांना पाणी घालावं लागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

नकाशात बागेचं आरक्षण असणं आणि तिथे बाग असणं यात कधीकधी वीस वर्षं जातात. आधी जागा ताब्यात यायची, मग बजेट, मग टेंडर. त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला मागा, त्यावर आरक्षण आहे की नाही ते लेखी कळतं. नुसता शेजारच्याचा रिकामा प्लॉट असला तर उद्या तिथे टॉवर उभा राहणार आणि तुम्ही काही करू शकणार नाही. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर प्रोजेक्टचा मंजूर नकाशा असतो, त्यात मोकळी जागा कुठे दाखवलीय ते बघा. चार हजार चौरस मीटरच्या पुढचा प्लॉट असेल तर दहा टक्के जागा खेळायला-फिरायला मोकळी सोडावी लागते. ती तुमची हक्काची, समोरची हिरवी बाग नव्हे. मी हे कोणाला शिकवतेय, मी स्वतः टेकडी दिसते म्हणून फ्लॅटला जास्तीचे पैसे मोजले होते. आता समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात.

धायरीत राहतो. रविवारी सिंहगडावर जायचं म्हटलं की खडकवासल्यापासूनच ट्रॅफिक. काही उपाय?

मंगळवारी जा. ते जमत नसेल तर पहाटे पाचला निघा, गाडी पायथ्याला लावा आणि आतकरवाडीतून चालत चढा. नऊला पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरायला लागा, तेव्हा बाकीचं पुणं खालून वर येत असेल. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला थांबू नका, तिथेच दिवस जातो.

बालेवाडीत नवीन आहे, एकटीच राहते. सकाळी बाणेरच्या टेकडीवर जायचंय पण भीती वाटते. जाऊ का?

जा, पण पहिले काही दिवस उजाडल्यावर आणि कोणाच्या तरी सोबत. सकाळी साडेसहा ते आठ भरपूर माणसं असतात, ठरलेल्या वेळेला ठरलेली तोंडं, आठवड्याभरात मान हलायला लागते. तुकाईच्या देवळाकडची वाट धरा, मधल्या झाडीतल्या पायवाटा सुरुवातीला नकोत. सूर्य मावळल्यावर वर थांबायचं नाही. कानात हेडफोन घालू नका. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, कोणी विडी-सिगारेट ओढताना दिसलं तर लांबूनच ओरडा, वणवा लागायला वेळ लागत नाही.

ही टेकडी अजून टेकडी आहे कारण तेव्हा पालिकेत नव्यानं आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, बीडीपी म्हणतात ते, आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. वर तुम्हाला काही आजोबा दिसतील, दोन्ही हातात पाण्याचे कॅन घेऊन चढणारे. त्यांनी लावलेली रोपं आहेत, पावसाळा सोडला की रोज पाणी वाहून न्यावं लागतं. ओळख करून घ्यायला काही बोलावं लागत नाही, घरून निघताना एक बाटली जास्तीची घ्या आणि कुठल्या झाडाला घालू एवढं विचारा.