न आवडणारे पौष्टिक पदार्थ खात राहिलं तर आवडायला लागतात का?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, शुगर काठावर आलीय आणि डॉक्टरांनी खाणं बदलायला सांगितलंय. नाचणी, ओट्स, कडधान्यं, पालेभाज्या असं सगळं एकाच आठवड्यात घरी आणलं आणि एकही घशाखाली उतरलं नाही. असंच रेटत राहिलं तर आवडायला लागेल का, की आवडनिवड जन्माचीच असते, असा तुमचा प्रश्न आहे.

बरंचसं आवडायला लागतं, पण सगळं नाही. कोणतं आवडेल आणि कोणतं नाही, हे पहिल्या घासाला कळत नाही.

मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, कपाशी आणि तूर घेतो. २०२२ च्या दिवाळीनंतर रक्त तपासलं तर माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.२ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. मीही तुमच्यासारखंच केलं. यवतमाळला गेलो आणि पिशवीभर नवीन वस्तू घेऊन आलो.

पहिली आली नाचणी. कोकणात, नाशकाकडच्या डोंगरात ती घरोघरी असते, पण आमच्या काळ्या जमिनीत कोणी पेरत नाही. बायकोनं ज्वारीसारखीच भाकर थापली. काठ चिरले, उलटताना मधून तुटली, आणि ताटात पडली ती चॉकलेटी रंगाची. मायनं लांबूनच पाहिलं आणि ताट सरकवलं. "हे त मिलोच हाय. मले नाई पायजे."

मिलो म्हणजे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी. माय तेव्हा चौदा वर्षांची होती. पन्नास वर्षांनी तिनं नाचणीचा एक घासही न घेता ती नाकारली, कारण त्या रंगाला तिचे ते दिवस चिकटलेले होते. जिभेचा इथं काही संबंधच नव्हता. म्हणून सांगतो, एखादी गोष्ट आवडली नाही की आधी नीट बघा, नक्की काय नको वाटतंय. चव, वास, रंग, दाताखाली लागणारा चिकटपणा, की जुनी काही आठवण? यातलं बरंच काही करण्याची रीत बदलली की जातं.

मला स्वतःला नाचणीची भाकर कोरडी लागली, अजूनही लागते. पण आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीची आंबील होतेच. त्याच रीतीनं बायकोनं नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवलं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवलं, निवल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरं घातलं. तो वाडगा मी उभ्या उभ्या संपवला. पीठ तेच, पण चव माझ्या ओळखीची झाली होती. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तेव्हा ती घरात यावी असं मला मनापासून वाटतं. मात्र नाचणी शुगर उतरवते या समजात राहू नका. बारीक दळून पातळ शिजवलेलं कोणतंही पीठ साखर वाढवतंच. आंबील घेतली की मी त्या वेळची एक भाकर कमी करतो.

ओट्सचं माझं जमलं नाही. दुधात घातले तर खळ झाली. धिरड्यात घातले, उपम्यासारखे परतले, दहा-बारा वेळा खाऊन पाहिले. प्रत्येक वेळी तो चिकटपणा टाळूला लागायचा. मग सोडले. ओट्समध्ये पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा जो तंतू असतो, ज्याच्यासाठी डॉक्टर ते सुचवतात, तोच जवातही असतो. आता दळणात दहा किलो ज्वारीला एक किलो जव टाकतो, भाकरीत कळतसुद्धा नाही.

दहा-बारा वेळा म्हटलं ते अंदाजानं नाही. लहान मुलांना नवी चव आपली वाटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते, हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. आपण बहुतेक दुसऱ्या वेळेलाच हात टेकतो. मोठ्यांनीही तेवढा वेळ द्यावा. पण थोडं थोडं, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, भूक लागलेली असताना आणि ताटात बाकीचं सगळं नेहमीचं असताना. सगळं ताटच नवं केलं तर जेवणाचाच धाक बसतो. तुमचं तिथंच चुकलं असावं, असं मला वाटतं. एका आठवड्यात चार पाहुणे आले तर घरातल्यांनी कोणाशी बोलायचं?

आता जन्मजात म्हणाल तर तेही खरं आहे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि हिवाळ्यात सांबारवडी झाली नाही असं घर सापडणार नाही. माझ्या मुलीला मात्र सांबार साबणासारखा लागतो. मी दोन वर्षं तिच्या मागे लागलो. एकदा जबरदस्तीनं अर्धी वडी खायला लावली, तिनं डोळ्यांत पाणी आणून ती गिळली. माय माझ्यावर चिडली, "नाई खात त नाई खाऊ दे, कायले पोरीले रडवतं?" नंतर वाचलं तेव्हा लाज वाटली. काही माणसांत वास ओळखणारं एक जनुक असं असतं की कोथिंबिरीतले ठरावीक घटक त्यांना फार तीव्र जाणवतात, आणि तसेच घटक साबणाच्या वासातही असतात. पोरगी खरं बोलत होती.

कडूचंही तसंच. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली. शेजारच्याला ती कडू लागली, फॉक्सला काहीच लागली नाही. तिथून कळत गेलं की कडू चव सगळ्यांना सारखी लागतच नाही. त्यामुळे कारल्याला तोंड वाकडं करणाऱ्याला नखरेल म्हणू नका, स्वतःलाही म्हणू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पौष्टिक म्हणून दुधीचा रस पिताना तो कडू लागला तर लगेच थुंकून टाका. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं, आपल्या देशात त्यानं माणसं दगावलेली आहेत. तिथं जीभ सांगते तेच ऐकायचं.

सगळ्यात जास्त ज्यानं मला दिलं, ते पिशवीतून आलंच नव्हतं. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तरोटा उगवतो, बाकी महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात. आम्ही तो निंदून फेकायचो. गरिबाची भाजी म्हणून माझ्या लग्नानंतर घरात शिजलीच नव्हती. त्या वर्षी मायनंच ओटीभर कोवळा पाला खुडून आणला. फक्त शेंड्याची पानं, जून झाली की चोथा होतो. उकळून पाणी पिळून टाकलं, तेलात कांदा आणि वाळलेली मिरची, वर भिजवलेली मुगाची डाळ. पहिल्या घासाला उग्र वास आला. तिसऱ्या वेळेला मी मागून घेतली. आता मृगाचा पाऊस पडला की मीच धुरा धुंडाळतो.

जवसाचंही तसंच झालं. नागपूरहून महागाची चिया आणली होती. भिजवली की सब्जासारखी बुळबुळीत, मुलीला आवडली, मला नाही. पण चियाची ज्या ओमेगा-३ नावाच्या चरबीसाठी वाहवा होते, ती जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास असते, आणि जवस तर आमच्या मातीतलं. तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, लाल मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटणं महत्त्वाचं. तुम्ही कुठल्या भागात राहता ते लिहिलं नाहीत, पण तुमच्या आजीला किंवा आईला विचारा, पावसाळ्यात त्या काय खुडून आणायच्या.

कडधान्यांबद्दल एवढंच, की पोट फुगत असेल तर अर्ध्या वाटीपासून सुरू करा, रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेकून द्या.

गोळ्या सुरू असतील तर खाणं बदललं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. माझं तीन महिन्यांनी ५.९ आलं. त्यात रोज शेताच्या पलीकडच्या नाल्यापर्यंत पायी जाणं आणि चहातली साखर सोडणं याचाही वाटा होता.

या तीन महिन्यांत चारातली एकच वस्तू निवडा. नाचणी असेल तर तुमच्या घरी जे आंबट किंवा तिखट रोज आवडीनं खाल्लं जातं, त्यात ती घालून बघा. बारा वेळा खाऊनही नकोशी वाटली तर मला इथं लिहा. त्याच गुणाचं दुसरं काय आहे ते मिळून शोधू.