वाचकांचे प्रश्न : छाटणी, गव्हाचा दाणा आणि गारपीट

प्रश्न : शब्बाथ शाळेत (मंडळीतल्या मुलांच्या बायबल वर्गात) योहानाच्या शुभवर्तमानातला, अध्याय 15 मधला द्राक्षवेलीचा उतारा घ्यायचा आहे. मुलं बागायतदारांच्या घरची. ‘देव आपल्या वाईट सवयी छाटतो’ एवढं सांगून झालं की पुढे काही सुचत नाही.
– शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, या उताऱ्यात प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल, पित्याला माळी आणि शिष्यांना फाटे म्हणतो. त्यातलं दुसरं वचन पुन्हा सावकाश वाचा. माळी साफसूफ करतो तो फळ देणारा फाटा. न देणारा तर काढूनच टाकतो. छाटणी म्हणजे फक्त वाईट सवयींवर कात्री, असं शिकवलं की जो फाटा नीट फळ देतोय त्यालाही कात्री का, हा प्रश्न मुलांपुढे येतच नाही. उताऱ्याचा जीव तर त्यातच आहे.

एप्रिलच्या खरड छाटणीपासून सुरुवात करा, ती मुलांनी पाहिलेली असते. बाग उघडीबोडकी होते आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत वेलीवर द्राक्षाचा मणीही दिसत नाही. पण याच काळात, छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या सुमारास, नव्या काडीच्या डोळ्याच्या (जिथून फूट निघते त्या कळीच्या) आत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. त्यासाठी डोळ्यांना ऊन लागतं, म्हणून दाटीतल्या फुटी काढतात, शेंडे खुडतात, पाणी हात राखून देतात. पाणी आणि नत्र जास्त झालं तर बाग हिरवीगार दिसते आणि ऑक्टोबरात घडांच्या जागी बाळ्या, म्हणजे नुसते ताणे, निघतात. मुलांना विचारा, ‘हिरवी बाग म्हणजे चांगली बाग का?’ उत्तर ती तुमच्याआधी देतील.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी, बरेच बागायतदार काडी तपासून घेतात. घड कितव्या डोळ्यात आहे ते बघायचं आणि त्याच्या पुढे कात्री लावायची. अलीकडे लावली तर घड काडीबरोबर बांधावर जातो. कात्री कुठे लागणार ते फळ ठरवतं. ‘माझा पिता माळी आहे’ हे वाक्य या ठिकाणी वाचा. आमच्या मते धड्याचा गाभा हाच आहे.

एक सांभाळा. प्रभू जिथे राहिला त्या पॅलेस्टाइनमध्ये हिवाळ्यात पानं गळून वेल झोपी जाते आणि मुख्य छाटणी तेव्हा होते. आपल्याकडे तशी थंडी नसल्यामुळे दोन छाटण्या कराव्या लागतात. तेव्हा प्रभूने खरड छाटणीबद्दल सांगितलं, असं म्हणू नका.

वर्गात एक छाटलेली काडी आठवडाभर आधी आणून ठेवा. वाळली की यहेज्केल 15 वाचा : या लाकडाची साधी खुंटीही होत नाही. मग योहानातलं सहावं वचन घ्या (वेलीत न राहणारा फाटा वाळतो आणि अग्नीत टाकला जातो), पण त्यातल्या अग्नीवर लहान मुलांना घाबरवू नका. आज्ञा चौथ्या वचनात आहे : माझ्यामध्ये राहा.

प्रश्न : ‘गव्हाचा दाणा मेला तर पुष्कळ पीक देतो’ (योहान 12:24) यावर नववीतला मुलगा म्हणतो, मेलेलं बी उगवतच नाही. काय सांगावं?
– एक पालक, अहिल्यानगर

उत्तर : त्याचं बरोबर आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करा. मग दहाबारा दाणे रात्रभर भिजवून ताटलीत ओल्या सुती फडक्यावर पसरा. फडकं ओलसर हवं. पाणी साचलं तर दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. दोनतीन दिवसांत मुळं दिसतील. पाचव्या दिवशी एक दाणा चिमटीत दाबायला सांगा, आतून दुधासारखं पांढरं येईल. दोन आठवड्यांनी दुसरा दाबा, हाताला जवळजवळ नुसतं साल लागेल. साठवलेलं सगळं पिठूळ अन्न रोपात गेलेलं असतं. अंकुर जिवंत आहे, पण दाणा दाणा म्हणून संपला, तो परत पोत्यात जाणार नाही. प्रभू बोलतो ते या संपण्याबद्दल, आणि 23व्या वचनात ‘वेळ आली आहे’ असं म्हणून तो स्वतःच्या मरणाकडे बोट दाखवतो. म्हणून आधी वधस्तंभ शिकवा. ‘आपणही त्याग करावा’ हे 25व्या वचनापासून येतं, त्याआधी नको.

प्रश्न : गारपिटीत आमच्या शेजाऱ्यांची बाग गेली. मंडळीत काहीजण म्हणतात, ही देवाची शिक्षा. निसर्गातून देव बोलतो, तर हेही खरं मानायचं का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का, असं विचारून प्रभूने स्वतःच ‘नाही’ म्हटलं (लूक 13:4-5). पाऊस नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पडतो (मत्तय 5:45), गाराही तशाच पडतात. दाण्यातून आणि वेलीतून शिकवण प्रभूने दिली, म्हणून आपण ती घेतो. शेजाऱ्याच्या नुकसानीतून त्याचं पाप वाचायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही, आणि असं बोललेलं त्या घराला वर्षानुवर्षं सलतं.

रोम 12:15 सांगतं, रडणाऱ्यांबरोबर रडा. तेव्हा त्याच दिवशी बागेत जा. पीक विमा असेल तर नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते, आणि त्या अवस्थेत हे घरच्यांना सुचत नाही. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, सूचना नोंदवायला बरोबर बसा, तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी सोबत जा. रात्रीचं जेवण मंडळीतल्या एखाद्या घरून पाठवा.